पाण्यात राहून तापणारी मोटर

“अरे, बोट पाण्यातच असते ना? मग तिला परत पाण्याने थंड कशाला करायचं?” हा प्रश्न या वर्षी मला मेसमध्ये, वर्कशॉपमध्ये आणि एकदा तर चक्क ओरलला विचारला गेला. विचारणाऱ्यांत फर्स्ट इयरची मुलं होती, तसे स्टाफरूममधले दोन सरही होते. त्यामुळे प्रश्न वेडगळ नाही असं धरून त्याचं उत्तर जरा सविस्तर लिहितो. रिमोटवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक बोटीची स्पर्धा हल्ली बऱ्याच कॉलेजांच्या टेक-फेस्टमध्ये असते. आपल्या हॉस्टेलमधूनही दरवर्षी एक तरी टीम जाते. आणि दरवर्षी एक तरी मोटर जाते!

बोट पाण्यात असते हे खरं, पण मोटर बोटीत असते. बोटीचं अंग फायबरग्लासचं, म्हणजे उष्णतेचा अगदी सुमार वाहक. आत पाणी येऊ नये म्हणून वरचं झाकण आपण टेप मारून बंद करतो. म्हणजे बाहेर थंडगार तलाव आणि मोटर मात्र थर्मासमध्ये, असा हा प्रकार आहे. साबुदाण्याची खिचडी डब्यात भरून डबा पाण्यात सोडला तरी ती तासभर गरम राहते, तसंच समजा.

आता आमच्या बोटीचेच आकडे घेऊ. साधारण ६० सेंटिमीटर लांबीची बोट. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, म्हणजे नावाला ११.१ व्होल्ट. ३६ मिलिमीटर व्यासाची ब्रशलेस मोटर, इनरनर जातीची (म्हणजे बाहेरचं नळकांडं स्थिर आणि आतला चुंबक फिरतो). फुल थ्रॉटलला ती ४० अँपिअर ओढते. गुणाकार केला की ४४४ वॉट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरू. म्हणजे उरलेले २० टक्के, जवळजवळ ८९ वॉट, निव्वळ उष्णता. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्न असतात. तशा साडेतीन आयर्न मुठीएवढ्या मोटरच्या पोटात सतत चालू आहेत असं डोळ्यांसमोर आणा.

पुढचा हिशेब मला स्वतःला सगळ्यात जास्त पटला, म्हणून तो देतो. मोटरचं वजन साधारण २०० ग्रॅम. त्यात लोखंड, तांबं, थोडं ॲल्युमिनिअम. या सगळ्यांची मिळून विशिष्ट उष्णता एका ग्रॅमला एका अंशामागे ०.४५ ज्यूल धरा. २०० गुणिले ०.४५ म्हणजे ९० ज्यूल. म्हणजे मोटरचं तापमान एक अंशाने वाढवायला ९० ज्यूल लागतात, आणि आपण तर तिला दर सेकंदाला ८९ ज्यूल देतोय. सेकंदाला एक अंश! दुपारी ३५ अंशावर सुरू केलेली मोटर मिनिटभरात शंभरीच्या जवळ. थोडी उष्णता आतल्या हवेत आणि माउंटमधून जाते, त्यामुळे प्रत्यक्षात जरा जास्त वेळ लागतो. पण दोन-तीन मिनिटांच्या शर्यतीत तो ‘जरा’ आपल्याला वाचवत नाही.

तापली तर तापली, बिघडतं काय? तीन गोष्टी बिघडतात. वाइंडिंगच्या तारेवरचं एनॅमल त्याच्या वर्गाप्रमाणे १३०, १५५ किंवा १८० अंशांपर्यंत टिकतं. त्यापुढे ते करपतं आणि तारा एकमेकींना भिडतात. जळका वास येतो तो याचा. दुसरं म्हणजे तांब्याचा रोध. दर अंशाला तो साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. ३० वरून १०० अंशांवर गेलो की रोध २७ टक्क्यांनी जास्त, म्हणजे तेवढ्याच करंटला उष्णताही २७ टक्क्यांनी जास्त. गरम झाली म्हणून अजून गरम, असं ते चक्र आहे. पण खरी लबाड गोष्ट तिसरी, ती म्हणजे चुंबक. साध्या ग्रेडचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपर्यंतच सुरक्षित असतात. जास्त तापमानाचे ग्रेड मिळतात, १२० चे, १५० चे, पण स्वस्त मोटरमध्ये कोणता घातलाय हे डब्यावर लिहिलेलं नसतं. चुंबक तापून थोडा कमजोर झाला की वास येत नाही, धूर येत नाही, काहीच कळत नाही.

गेल्या वर्षीच्या टीमकडून आम्हाला वारशात आलेली मोटर अशीच होती. टेबलावर लावली की काय गोड फिरायची! उलट नव्या मोटरपेक्षाही जोरात फिरते असं वाटायचं, आणि म्हणूनच सिनियर्सनी ती “एकदम मस्त आहे, घेऊन जा” म्हणून दिली. पाण्यात घातली की मात्र दुसऱ्या फेरीतच स्पीड कंट्रोलर बंद पडायचा. मशिन्सच्या सरांनी कोडं सोडवलं. चुंबकाचा फ्लक्स कमी झाला की तेवढाच बॅक ईएमएफ निर्माण व्हायला मोटरला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून रिकामी मोटर पळते. पण एका अँपिअरमागे मिळणारा टॉर्क कमी झालेला असतो. प्रोपेलरचा भार आला की तोच टॉर्क द्यायला ती जास्त अँपिअर ओढते, आणि मग कंट्रोलरचा जीव जातो. थोडक्यात, जुनी मोटर घेताना ती रिकामी किती पळते ते बघू नका. मूळ केव्हीपेक्षा जास्त पळत असेल तर हात जोडा आणि परत द्या. आमच्याकडे आता एकच धड मोटर उरली आहे, बजेट संपलेलं आहे, आणि स्पर्धा महिन्याच्या शेवटी आहे. एवढं सगळं पाण्याचं प्रकरण आम्ही मनावर घेतलं ते त्यामुळे.

आता पाणी. एक ग्रॅम पाण्याला एक अंश तापायला ४.१८ ज्यूल लागतात, हे आपण अकरावीपासून पाठ केलेलं आहे. आमच्या बोटीत मिनिटाला साधारण अर्धा लिटर पाणी फिरतं, म्हणजे सेकंदाला ८.३ ग्रॅम. मोटरचे ८९ आणि कंट्रोलरचे १६ धरून एकूण १०५ वॉट. भागाकार करा. पाणी फक्त ३ अंशांनी तापतं.

इथेच वर्कशॉपमधल्या मामांनी मला अडवलं. बोट मागच्या टाकीत बांधून चालू केली होती. मामांनी बाहेर पडणाऱ्या धारेखाली बोट धरलं आणि म्हणाले, “पाणी तर गारच येतंय की रे. मग कूलिंग कसलं करतंय तुझं?”

“मामा, गार येतंय म्हणजे भरपूर येतंय. गरम आलं असतं तर काळजी होती.”

“बरं, मग मोटरला हात लाव बघू.”

मामांचा हा दुसरा प्रश्न खरा होता. कारण पाणी गार येण्याची दोन कारणं असू शकतात. एक, पाणी भरपूर आहे आणि सगळी उष्णता घेऊनही त्याला काही वाटत नाही. दोन, उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही! दोन्ही वेळा धार गारच लागणार. तेव्हा धारेचं तापमान बघून कूलिंगबद्दल काहीही ठरवू नका. मोटरच्या अंगाला, जॅकेटच्या बाहेर उघड्या राहिलेल्या कडेला हात लावा. फेरी संपल्या संपल्या तिथे पाच सेकंद बोट ठेवता आलं तर ठीक. चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर ६० अंशांच्या वर गेलात असं समजा, आणि आतलं वाइंडिंग त्याहून कितीतरी गरम असतं. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तमच, मात्र चकचकीत ॲल्युमिनिअमवर तो खोटं बोलतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा.

उष्णता पाण्यापर्यंत का पोचत नाही? कारण मधे हवा असते. बाजारात मिळणारी बरीच जॅकेटं किंवा आपण लेथवर केलेली बाही मोटरवर ‘अलगद’ सरकते. ती अलगद सरकते याचाच अर्थ फट आहे. समजा ती फट एक दशांश मिलिमीटर आहे, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी. जॅकेटची लांबी ४० मिलिमीटर, मोटरचा व्यास ३६, तर संपर्काचं क्षेत्रफळ साधारण ४५ चौरस सेंटिमीटर. हवेची वाहकता ०.०२६. फुरिअरच्या सूत्रात घाला. ८९ वॉट त्या फटीतून जायला सुमारे ७५ अंशांचा फरक लागतो! म्हणजे बाहेरून बर्फाचं पाणी सोडलं तरी मोटरचं अंग ७५ अंशांवर. आता त्याच फटीत थर्मल पेस्ट भरा, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर लावतात ती, वाहकता अगदी १ धरली तरी चालेल. फरक येतो २ अंशांच्या आसपास. ७५ आणि २! थोड्याशा पेस्टमुळे जे होतं ते दुप्पट पाण्याने कधीच होणार नाही. पाणी दुप्पट केलंत तर ३ अंशांचे दीड होतील, एवढाच काय तो फायदा.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की मोठे पंप, जाड नळ्या, दोन-दोन पिकअप यांच्या मागे लागण्याआधी मोटर आणि जॅकेट यांच्यामधली फट बघा. पाणी थेट मोटरच्या अंगाला लागेल आणि दोन्ही टोकांना ओ-रिंग असेल अशी जॅकेटं मिळतात. त्यात फटीचा प्रश्नच येत नाही, मात्र ओ-रिंग चिरली की पाणी सरळ बोटीत. शिवाय मोटरच्या नळकांड्याला हवेसाठी भोकं असतील तर हे जॅकेट चालणारच नाही, हे आधी बघून घ्या. मोटर आउटरनर असेल, म्हणजे बाहेरचं नळकांडंच फिरत असेल, तर त्यावर जॅकेट बसवताच येत नाही. तिथे वाइंडिंग आतल्या खांबावर असतं आणि तो खांब माउंटला जोडलेला असतो. म्हणून माउंटची पट्टीच ॲल्युमिनिअमची जाड घ्यायची आणि त्या पट्टीतून पाणी फिरवायचं. फायदा होतो, पण इनरनरएवढा नाही. बोटीसाठी मोटर निवडायचीच असेल तर इनरनर घ्या.

जॅकेट विकत घ्यायचं नसेल तर नळीचं वेटोळं करता येतं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे तांब्याची बारीक नळी वजनावर किंवा फुटावर मिळते. नवी नळी कडक लागली तर गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून सरळ पाण्यात बुडवा, ती मऊ होते. (पोलाद असं बुडवलं की कडक होतं आणि तांबं मऊ होतं. मेटलर्जीच्या ओरलला हा प्रश्न हमखास येतो, एवढ्यासाठी तरी करून बघा.) मग नळीत बारीक कोरडी वाळू ठासून भरा, दोन्ही टोकं बंद करा आणि मोटरपेक्षा मिलिमीटरभर कमी व्यासाच्या पाइपवर घट्ट गुंडाळा. वाळूमुळे नळी चेपत नाही. वेटोळं स्प्रिंगसारखं थोडं उघडतं आणि मोटरवर दाबून बसतं. पण गोल नळी गोल मोटरला फक्त एका रेषेत टेकते, हे विसरू नका. मधल्या खाचा पेस्टने भरल्याशिवाय या वेटोळ्याला दागिन्याइतकाच अर्थ आहे. आणि वाळू नीट काढा! नळीत उरलेला खडा शर्यतीतच हलतो, आधी कधी हलत नाही.

मोटरनंतर स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी. त्याची उष्णता कमी असली तरी त्याचं वस्तुमान त्याहून कमी असतं, त्यामुळे तो मोटरच्या आधी जातो. शिवाय त्यातल्या मॉसफेटचा रोध तापमानाबरोबर तांब्यापेक्षाही जास्त चढतो, १२५ अंशांना तो २५ अंशांच्या दीडपटीच्या वर असतो. बोटीसाठी बनवलेल्या ईएससीला पाण्याच्या नळ्या लावूनच मिळतात. विमानाचा ईएससी स्वस्तात मिळाला म्हणून वापरणार असाल तर त्याच्या हीटसिंकवर पितळी नळी सोल्डर केलेली तांब्याची पट्टी बसवता येते. मात्र मॉसफेटच्या धातूच्या पाठीला उघडी पट्टी टेकवायची नाही. त्या पाठीवर बॅटरीचा किंवा मोटरचा व्होल्टेज असतो, आणि एकाच पट्टीने दोन मॉसफेट जोडले गेले की तिथल्या तिथे शॉर्ट. मधे थर्मल पॅड हवाच.

पाणी आधी ईएससीला द्यायचं की मोटरला, यावरून आमच्या खोलीत दोन रात्री वाद झाला. हिशेब केला तर वादात दम नाही. ईएससीमधून जाताना पाणी जेमतेम अर्धा अंश तापतं. आधी दिलं काय, नंतर दिलं काय, सारखंच. पण दोन्ही एकाच रांगेत जोडायचे की वेगवेगळ्या फांद्यांवर, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. फांद्या केल्या आणि त्यातली एक तुंबली, तर दुसरीतून पाणी उडत राहतं आणि किनाऱ्यावरून तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे. एकाच रांगेत जोडलं की धार दिसते आहे म्हणजे दोघांनाही पाणी मिळतंय. फांद्या करायच्याच असतील तर प्रत्येकीला बाहेर पडायला वेगळं भोक द्या. मालवण-वेंगुर्ल्याकडे आउटबोर्ड इंजिनाच्या होड्या पाहिल्या असतील तर मागून एक बारीक धार सतत पडताना दिसते. चालवणाऱ्याचं एक लक्ष त्या धारेवर असतं. आपलंही तसंच हवं. म्हणून बाहेर पडायचं भोक पाण्याच्या पातळीच्या वर आणि तुम्ही जिथे उभे राहणार त्या बाजूला ठेवा. आमची फेरी घड्याळाच्या उलट दिशेने असते आणि आम्ही फेरीच्या बाहेर किनाऱ्यावर उभे असतो. समोरून जाताना बोटीची उजवी बाजू आमच्याकडे येते, म्हणून भोक उजवीकडे.

पाणी आत घेणाऱ्या नळीला पिकअप म्हणतात. पंप लागत नाही. बोटीचा वेगच पाणी ढकलतो. दाब किती? अर्धा रो व्ही वर्ग. ताशी २० किलोमीटर म्हणजे ५.५ मीटर प्रतिसेकंद, दाब सुमारे १५ किलोपास्कल. ताशी ४० ला तो चौपट. पिकअप सुकाणूच्या पुढच्या धारेत असू शकतो किंवा बोटीच्या तळातून बाहेर काढलेली, पुढे तिरका काप दिलेली नळी असू शकते. तिरक्या कापाचं तोंड पुढेच हवं. मागे केलं की तीच नळी पाणी बाहेर ओढते. जागा मात्र विचार करून निवडा. बोट वेगात आली की पुढचा अर्धा भाग हवेत उचलला जातो, तिथला पिकअप हवा पितो. प्रोपेलरच्या मागे, त्याच्या झोतात पिकअप ठेवला तर बोट उभी असतानाही पाणी येतं. सुरुवातीला, वळणावर आणि टाकीत बांधून चाचणी घेताना याचा मोठा आधार होतो.

नळी सिलिकॉनची घ्या. सलाइनची नळी फुकट मिळते हे मला माहीत आहे, पण ती गरम झाली की मऊ पडते आणि वळणावर चेपते. आतला व्यास ३ मिलिमीटरच्या खाली नको. एक मीटर लांबीतून मिनिटाला अर्धा लिटर न्यायला ३ मिलिमीटरच्या नळीत साधारण ९ किलोपास्कल लागतात, २ मिलिमीटरच्या नळीत ६० च्या वर. एका मिलिमीटरने सातपट फरक! वळणं, निपल, जॅकेट यांचा रोध धरून ३ मिलिमीटरच्या नळीला एकूण १८ धरा. तो दाब ताशी २१-२२ किलोमीटरला मिळतो, म्हणून आमचं जमलं. जॅकेटमध्ये पाणी खालून आत आणि वरून बाहेर काढा. उलटं केलं तर वरच्या अर्ध्या भागात हवा अडकून बसते.

हे सगळं तळ्यावर न जाता तपासता येतं, आणि ही युक्ती हॉस्टेलवाल्यांसाठीच आहे. दाब आणि उंची यांचं नातं आपल्याला माहीतच आहे, व्ही बरोबर वर्गमूळ टू जी एच. पाण्याची बादली ३ मीटर उंच ठेवली की मिळणारा दाब ताशी २७-२८ किलोमीटर वेगाने चाललेल्या बोटीइतका असतो. ६ मीटरला ताशी ३९. म्हणजे बोट अंगणात ठेवा, बादली पहिल्या मजल्याच्या कठड्यावर ठेवली की मध्यम वेग, दुसऱ्या मजल्यावर नेली की फुल थ्रॉटल! खाली येणारी नळी बागेला पाणी घालायची जाड घ्या, म्हणजे तिच्यात दाब वाया जात नाही. शेवटी पिकअपला जोडा आणि बाहेर पडणारं पाणी एक लिटरच्या बाटलीत धरून वेळ मोजा. दोन मिनिटांत बाटली भरली तर मिनिटाला अर्धा लिटर. खऱ्या बोटीत पिकअपच्या तोंडाशी थोडा दाब वाया जातो, म्हणून उत्तर थोडं कमीच धरा. आम्ही हे करत होतो तेव्हा रेक्टर सर आले, दुसऱ्या मजल्यावरून लोंबणारा पाइप पाहिला आणि “पाणीटंचाई आहे, माहीत आहे ना?” एवढंच म्हणाले. मग आम्ही भरलेल्या बाटल्या परत बादलीत ओतायला एक ज्युनियर नेमला.

कचऱ्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडच्या तळ्यांत जलपर्णीची मुळं, प्लास्टिक आणि गुटख्याच्या पुड्या यांची कमतरता नाही. पिकअपवर जाळी बसवली तर ती स्वतःच तुंबते. त्यापेक्षा पिकअपचं तोंड आतल्या कुठल्याही भागापेक्षा किंचित लहान ठेवा. जे तोंडातून शिरेल ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल, आणि जे अडकेल ते बाहेरच अडकेल, नखाने काढता येईल.

आता आमच्या टीममधलं भांडण. पाण्याचं कूलिंग बसलं आणि माझा रूम पार्टनर म्हणाला, आता ३६ मिलिमीटरचा प्रोपेलर काढून ४० चा लावू. कूलिंग आहे ना, मग घाबरायचं कशाला? तेवढ्याच आरपीएमला प्रोपेलरची पॉवर व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ४० भागिले ३६, त्याचा पाचवा घात, १.६९. चार मिलिमीटरसाठी ६९ टक्के जास्त पॉवर. करंट ४० वरून ६७-६८ वर. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ तिप्पट. प्रत्यक्षात आरपीएम थोडे उतरतात, म्हणून आकडा जरा कमी येईल, पण आमचा ईएससी ६० अँपिअरचा आहे आणि मोटर एकच आहे. शिवाय पाणी थंड करतं ते बाहेरच्या अंगाला. इनरनरमधला फिरणारा चुंबक हवेच्या फटीपलीकडे असतो, त्याला पाण्याचा थेट स्पर्श नाही. बाहेर हात लावून गार वाटणाऱ्या मोटरचा चुंबक आत ८० च्या पुढे जाऊ शकतो, आणि तो गेला की काय होतं ते आमच्या वारशाच्या मोटरने दाखवलंच आहे. पाणी चांगल्या जुळणीला टिकाऊ करतं, चुकीच्या जुळणीला फक्त मिनिटभर आयुष्य वाढवून देतं. मतदान झालं, तीन विरुद्ध एक, प्रोपेलर ३६ चाच राहिला. पार्टनर अजून माझ्याशी नीट बोलत नाही. उलट बाजूही सांगतो. तुमची छोटी बोट १० अँपिअरच्या आत चालत असेल तर हा सगळा खटाटोप करूच नका, त्यापेक्षा तेवढं वजन वाचवा.

पाणी बोटीत आणायचं म्हणजे बोट बुडायची एक नवी वाट उघडायची. निपलवरून नळी सुटली तर तोच मिनिटाला अर्धा लिटर बोटीच्या पोटात. प्रत्येक जोडावर केबल टाय घट्ट बांधा, निपलला कानशीने एक-दोन चरे पाडले तर नळी आणखी धरते. नळ्या बॅटरीच्या वरून नेऊ नका. आणि पुढच्या मोकळ्या जागेत थर्माकोल किंवा फोम भरा. एक लिटर जागेचा फोम साधारण एक किलो वजन उचलून धरतो. बोट पूर्ण भरली तरी तरंगत राहील एवढा फोम असेल तर रात्री झोप लागते.

फेरी संपली की एकदम थांबू नका. बोट थांबली की पाणी थांबतं, पण वाइंडिंगमधली उष्णता चुंबकाकडे आणि अंगाकडे सरकत राहते. शेवटचं अर्धं मिनिट हळू चालवत किनाऱ्यावर आणा. पाण्याबाहेर काढल्यावर नळीत फुंकर मारून उरलेलं पाणी काढून टाका. किनाऱ्यावरच्या कॉलेजांत जे समुद्रात किंवा खाडीत बोट चालवतात त्यांनी गोड्या पाण्याची बाटली पिकअपमधून सोडल्याशिवाय घरी जाऊ नये. ॲल्युमिनिअमचं जॅकेट, पितळी निपल आणि खारं पाणी, म्हणजे आपण केमिस्ट्रीत काढलेला सेलच. त्यात झिजतं ते ॲल्युमिनिअम.

बोट सध्या वर्कशॉपमागच्या टाकीत बांधलेली असते. स्पर्धेपर्यंत दर रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही तिथे असतो. ज्याला स्वतःच्या बोटीची धार मोजायची असेल त्याने बोट घेऊन यावं. बादली आहे, जाड पाइप आहे, पेस्टची ट्यूब अर्धी शिल्लक आहे. एक लिटरची बाटली मात्र आपापली आणा.